गडवाभर पाणी

"याले रोज पाणी," मास्तर मोगऱ्याच्या कुंडीवर हात ठेवून म्हणाले, "अन् याले नाही. आठवड्यातून एकदा, तेही मी सांगितलं तरच. समजलं?"

आत्याबाईंनी दोन्ही कुंड्यांकडे आळीपाळीने पाहिलं. पंगतीत एकाला वाढायचं आणि त्याच्या शेजारच्याला ओलांडून पुढे जायचं, असं काहीतरी आपल्याला सांगितलं जातंय, असा त्यांचा चेहरा झाला.

"काहून? त्यानं काय पाप केलं?"

"पाप नाही वं माय. त्याची जातच तशी आहे. हे अडेनियम, अरबस्तानाकडचं, वाळवंटातलं झाड. याचं बूड पाहा, कसं मडक्यावाणी फुगलं आहे. पाणी तिथं साठवून ठेवते. वरून आणखी टाकलं की आतून सडते."

"अन् मोगरा?"

"मोगऱ्याजवळ साठवायला काही नाही. मिळालं ते पिऊन मोकळा. उन्हाळ्यात एक दिवस विसरली तर दुपारी माना टाकते."

"खादाड आहे म्हणा की," मी म्हणाले. मोगरा माझा होता. लग्नानंतर माहेरून काडी आणून मी तो लावला होता, आणि मास्तरांनी त्याला कधी चांगलं म्हटलं नव्हतं.

"खादाडच आहे. माघात छाटायचा, पानं ओरबाडायची, शेणखत घालायचं, रोज न्हाऊ-माखू घालायचं, तेव्हा कुठं साहेब चार कळ्या देणार. माझ्या झाडाला काही लागत नाही. ऊन द्या आणि विसरून जा."

मास्तर म्हणजे माझे यजमान, उत्तमराव. अकोल्यातल्या एका शाळेत ते भूगोल शिकवायचे. सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणे, म्हणून मीही म्हणू लागले, आधी चिडवायला आणि मग सवयीनं. आत्याबाई त्यांच्या आई. आमच्याकडे सासूला आत्याबाईच म्हणत. त्या वर्षी होळी झाली आणि त्या मंगरूळकडच्या गावातलं घर बंद करून आमच्याकडे राहायला आल्या, कारण मास्तरांची दोन्ही मूत्रपिंडं कामातून गेली होती.

सोमवारी आणि गुरुवारी त्यांना दवाखान्यात नेऊन मशीनवर रक्त धुवून आणायचं, आणि मधल्या दिवसांत शरीरात पाणी साठू द्यायचं नाही. लघवी जवळजवळ बंद झालेली. जे पोटात जाईल ते बाहेर यायला वाट नाही. ते पायावर उतरतं, तिथून छातीत चढतं, आणि माणूस बसल्या जागी गुदमरतो. डॉक्टरांनी हे मला पहिल्याच दिवशी कागदावर चित्र काढून समजावलं होतं. मी रोज सकाळी एक लहान बाटली भरून ठेवायची. चहा, औषधाचं पाणी, वरण, सगळं त्यातच मोजायचं. अकोल्याचा उन्हाळा, आणि दिवसभराला ती एवढीशी बाटली.

माझं रक्त जुळलं नाही. आत्याबाई मूत्रपिंड द्यायला हट्टानं तयार झाल्या, पण त्यांची साखर पाहून डॉक्टरांनी तपासणी पुढे नेलीच नाही. त्या दिवशी दवाखान्याच्या पायरीवर बसून त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "एवढं मोठं शरीर, अन् पोराच्या कामाचं काहीच नाही निघालं यातून."

अडेनियम मास्तरांनी आजार कळल्यानंतर आणलं होतं. मशीनवरून परत येताना रस्त्यात झाडांची हातगाडी दिसली तेव्हा रिक्षा थांबवून त्यांनी ते घेतलं. "यालाही पाणी बंद, मलाही बंद," ते म्हणाले. "घरात मला सोबत होईल."

मग रोज सकाळी एक कार्यक्रम सुरू झाला. गच्चीवर खुर्ची टाकून मास्तर बसायचे आणि अडेनियमचं बूड अंगठ्यानं दाबून पाहायचे. टणक लागलं की समाधानानं मान हलवायचे. मग स्वतःचा पाय माझ्यापुढे करायचे. "आता या झाडाचं पाहा." मी घोट्याच्या वर अंगठा दाबायची. खड्डा लगेच भरून आला तर बरं. खळी तशीच राहिली तर पाणी साठलंय. पहिले काही आठवडे खळी राहत नव्हती, आणि मी मनातल्या मनात गजाननमहाराजांना हात जोडून खाली स्वयंपाकाला जायची.

आत्याबाईंना हे बघवत नसे. त्यांच्याजवळ एक पितळी गडवा होता, तांब्याएवढा, गावाहून आणलेला. गावात त्यांच्या ओट्यावरून कोणी पाणी प्यायल्याशिवाय पुढे गेलं नव्हतं, आणि इथेही त्यांनी तेच सुरू केलं. टपालवाला आला, दे पाणी. भाजीवाली आली, दे पाणी. मीटर पाहायला आलेल्या माणसालाही आधी गडवा, मग मीटर. खोलीत मास्तर तहान मारायला लवंग चघळत बसलेले असायचे आणि बाहेरून दुसऱ्याच्या घशाचा आवाज यायचा.

"आत्याबाई, जरा तिकडे, जिन्याजवळ देत जा ना," मी एकदा म्हणाले.

"असू दे गं," मास्तर आतून म्हणाले. "ऐकायला बरं वाटतं."

चैत्र संपता संपता वजन वाढू लागलं. मशीनवर घेण्याआधी वजन करतात, त्यावरून कळतं माणसानं मधल्या दिवसांत किती पाणी घेतलं. सिस्टरनं काटा पाहिला आणि माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, किती पाणी देता यांना?"

"बाटलीभर. तुम्ही सांगितलं तेवढंच."

"मग हे वाढलं कुठून?"

रिक्षात मी मास्तरांना विचारलं. "तुझ्या मापाचं पितो," ते म्हणाले. पुढच्या वेळी काटा आणखी वर. मी माठ उचलून शेजारी कुळकर्णीकाकूंकडे ठेवला. मोरीतला मग काढून घेतला, नळाच्या चावीला फडकं गुंडाळून पाहिलं. ते तोंड धुवायला गेले की दाराबाहेर उभी राहून कान द्यायची. नवऱ्यावर अशी पाळत ठेवताना स्वतःचीच किळस येत होती, पण सकाळी अंगठा दाबला की खळी तशीच राहत होती आणि ती खळी मला दिवसभर दिसत राहायची.

"तुम्ही खोटं बोलताय," एक दिवस मी म्हणालेच. "मोरीत पिता. लहान पोरासारखे चोरून पिता."

मास्तर लवंग चघळत राहिले. आत्याबाई दारात तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"बोला ना काहीतरी. तुम्हाला जगायचं नाही का?"

"जगायचं आहे," ते म्हणाले. "तू ओरडू नको. मला दम लागतो."

वैशाखात त्यांना जिना चढणं होईना. गच्चीवरच्या झाडांची बातमी ते खाटेवरूनच विचारू लागले. मोगऱ्याला बहर आला होता, रोज संध्याकाळी मूठभर कळ्या निघत. अडेनियमचं मात्र काहीतरी बिनसलं होतं.

"पानं पिवळी पडून राहिली त्याची," आत्याबाई म्हणाल्या.

"बूड दाबून पाहिलं?"

"पाहिलं. मऊ लागते जरासं. तहानलं असन रे."

मास्तर विचारात पडले. "मऊ तर तहानेनंही लागते अन् सडूनही लागते. पाणी तर आपण टाकलं नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सुलभा, मातीत रेती कमी पडली काय गं?"

मला त्यांच्या झाडाचं काही पडलं नव्हतं. मी हो म्हणाले असेन.

संध्याकाळी मी पलीकडच्या गल्लीत शिवणक्लास घ्यायची. रविवारी क्लास नसे. त्या रविवारी दुपार उतरल्यावर मी कुरड्या गोळा करायला गच्चीवर गेले. ऊन इतकं होतं की चादर दोरीवर टाकून वळेपर्यंत वाळत होती. अडेनियम एका बाजूला कललं होतं. वर दोन गुलाबी फुलं, चांगली टवटवीत. मी सरळ करायला म्हणून खोडाला हात लावला आणि ते सगळं झाड माझ्या हातात आलं. खाली मुळं नव्हतीच. तपकिरी लगदा होता आणि कुजका वास. मी कुंडीत बोटं घातली. अकोल्याच्या वैशाखात त्या कुंडीतली माती ओलीचिंब होती.

मागून जिन्यावर पावलं वाजली. आत्याबाई गडवा घेऊन वर आल्या आणि माझ्या हातातलं झाड पाहून थांबल्या.

"याला पाणी कोण घालतं?" मी विचारलं.

"मीच टाकून राहिली होती. रोज. त्याच्या मांगं." त्या जवळ आल्या. "त्याले काय कळते वं झाडातलं. शाळामास्तर तो. एकाले द्यायचं अन् एकाले नाही, हे का रीत झाली? अन् पाहा ना, पानं पिवळी पडली म्हणून मी दोनदा टाकलं. तरी मेलं."

मी त्यांच्या हातातल्या गडव्याकडे पाहिलं. मग पुढचा प्रश्न माझ्या तोंडून निघायच्या आधीच मला उत्तर कळलं.

"आत्याबाई, आणि त्यांना?"

त्यांनी गडवा छातीशी धरला.

"मी क्लासला गेल्यावर?"

"एकच गडवा," त्या हळूच म्हणाल्या. "तो मागत नाही वं. कधीच नाही मागितलं त्यानं. नुसता पाहते. मी समोर बसून गटगट प्यावं अन् त्यानं पाहावं? माझ्यानं नाही होत."

"डॉक्टरांनी काय सांगितलं होतं? तुमच्यासमोर सांगितलं होतं."

"सांगू दे." त्यांनी गडवा कठड्यावर ठेवला. "तुले एक नणंद होती. माहीत आहे?"

मला माहीत नव्हतं. मास्तरांनी कधी सांगितलं नव्हतं.

"कमळा. उत्तमच्या आधीची. चांगली चालत-बोलत होती, दारात येणाऱ्या-जाणाऱ्याले हाका मारे. तिले हगवण लागली. सासू म्हणे, पाणी नको देऊ, पाण्यानं वाढते. वैद्य आला, तोही तेच म्हणे. सारा दिवस 'माय पाणी, माय पाणी' करे पोरगी. मी माठाले पाठ लावून बसली. तिचा हात पोचू नये म्हणून. समजलं ना? मी स्वतः बसली. दुसऱ्या दिवशी गेली ते. मंग किती वर्षांनी गावात नर्सबाई आली. साऱ्या बायाइले गोळा करून सांगे, हगवणीत पाणीच द्या, मीठसाखर टाकून द्या, लेकरू वाचते. हसून हसून सांगे बिचारी. तिले काय माहीत." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "तेव्हा मी शहाण्यांचं ऐकलं. आता पुन्हा ऐकू? पाण्याविना माणूस मरते, सुलभा. पाण्यानं कोणी मरते काय?"

 माझ्या हातात ते झाड होतं. मी ते त्यांच्यापुढे धरलं.

"हे पाण्यानं मेलं," मी म्हणाले.

त्यांनी त्या लगद्याला बोट लावलं, ते वासाला नेलं आणि माझ्याकडे पाहिलं. कुणाचा चेहरा इतका रिता झालेला मी त्यानंतर पाहिला नाही. त्या काहीतरी बोलणार होत्या. तेवढ्यात खालून मास्तरांची हाक आली. नुसतं "सुल" ऐकू आलं, पुढचं अक्षर निघालंच नाही.

ते खाटेवर पाय खाली सोडून बसले होते, दोन्ही हात उशीवर रोवून. ओठ निळसर झाले होते आणि श्वासाबरोबर छातीत हुक्क्यासारखी गुडगुड ऐकू येत होती. कुळकर्णीकाकांनी रिक्षा आणली. आत्याबाई मागे धावल्या, तर त्यांना मी काकूंच्या स्वाधीन केलं. दवाखान्यात रविवारी मशीन बंद असे. ते चालवणारा माणूस गावाला गेला होता, त्याला निरोप धाडला. तो येईपर्यंत नाकाला नळी, दंडात सुई, आणि पाठीशी तीन उशा. आडवं केलं की ते बुडणाऱ्या माणसासारखे हात मारायचे.

मी त्यांची पाठ चोळत होते. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

"तुझं अन् आईचं," ते थांबत थांबत म्हणाले, "गच्चीवर बोलणं झालं ना."

"बोलू नका तुम्ही."

"तिला सांगू नको. यानं झालं म्हणून."

"तुम्ही नको म्हणायचं होतं ना. एकदा तरी नको म्हणायचं होतं."

"म्हटलं होतं. पहिल्या दिवशी." श्वास गोळा करायला त्यांना बराच वेळ लागला. "गडवा धरून ती तशीच बसून राहिली. तोंड भिंतीकडे करून. मला कमळाताईचं माहीत आहे, सुलभा. मग मी रोज प्यायलो."

मला त्यांचा राग आला. आत्याबाईंचा आला, त्या मेलेल्या वैद्याचा आला, गावाला गेलेल्या त्या मशीनवाल्याचा आला. पण धरून विचारावं असं त्यातलं कोणीच उरलं नव्हतं. मी पाठ चोळत राहिले.

"अन् खरं सांगू," ते म्हणाले. डोळे मिटलेले होते, पण चेहऱ्यावर मला चिडवताना यायचं तसंच काहीतरी आलं. "फार गोड लागायचं गं ते पाणी."

मशीनवाला आला. त्यानं घाम पुसत पुसत नळ्या जोडल्या, मशीन सुरूही केलं. पण तोवर त्यांचं हृदय थकलं होतं. मशीन चालू असतानाच ते गेले. नळ्यांतून रक्त फिरत होतं आणि माणूस गेलेला होता, हे मला सिस्टरनं सांगितल्याशिवाय कळलं नाही.

पुढचे दिवस माणसांत गेले. आत्याबाई एका कोपऱ्यात बसून असायच्या. भेटायला येणाऱ्या बायका त्यांना जवळ घेऊन रडायच्या, त्या रडायच्या नाहीत. दहावा आटोपला, पाहुणे पांगले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी मोगऱ्याला पाणी घालायला वर गेले. कोणाच्या ध्यानात न राहिल्यानं त्याची पानं पार खाली लोंबत होती आणि कळ्या झाडावरच तपकिरी झाल्या होत्या. थोड्या वेळानं आत्याबाई मागून आल्या. हातात गडवा होता, भरलेला.

त्या माझ्या मागे येऊन थांबल्या.

"ते झाड पाण्यानं मेलं म्हणे तू."

"हो."

"अन् उत्तम?"

मी वळले नाही. कळ्या खुडत राहिले. डॉक्टरांनी काढून दिलेलं ते चित्र माझ्या डोळ्यांपुढे होतं, पायापासून छातीपर्यंत चढत जाणाऱ्या रेघा. आणि कानात मास्तर होते.

"झाडाचं वेगळं असतं, आत्याबाई," मी म्हणाले. "माणसाचं तसं नसतं. त्यांचं हृदयच कमजोर होतं. डॉक्टर म्हणाले, आज नाही तर उद्या हे होणारच होतं."

"डॉक्टर म्हणे?"

"हो."

"तहानलेला तं नाही गेला ना तो?"

"नाही. तहानलेले नाही गेले."

त्यांनी मान हलवली. मोगऱ्यात निम्मा गडवा ओतला, मातीनं तो चटकन पिऊन टाकला. मग त्या अडेनियमच्या कुंडीजवळ गेल्या. कुंडी रिकामी होती, नुसती माती, वरून सुकून भेगाळलेली. सवयीनं त्यांनी गडवा तिरपा केला. पाणी काठापर्यंत आलं आणि त्यांनी हात थांबवला.  मग गडवा सरळ धरून, एक थेंब न सांडता, त्या खाली गेल्या.

त्या पुढे बरीच वर्षं जगल्या, माझ्याजवळच. गावाकडचं घर पुन्हा उघडलं नाही. आम्ही दोघी त्या दिवसाविषयी परत कधी बोललो नाही. मी सांगितलेलं त्यांना पटलं होतं की नाही, हे मी त्यांना विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. मोगरा मी सांभाळला. दर माघात छाटला, खत घातलं, उन्हाळाभर पाणी दिलं. तो अजून आहे.

पितळी गडवा त्यांनी माळ्यावर ठेवायला सांगितला. आणि कोणी आलं, टपालवाला, भाजीवाली, लांबून आलेला पाहुणा, की त्या होत्या तिथे बसूनच आत आवाज द्यायच्या. "सुलभा, पाणी आण वं." माठ त्यांच्या हाताशी असला तरी. तहानलेलं कुणाचं तान्हं पोर त्यांच्या मांडीवर रडत असलं तरी त्या माझी वाट पाहायच्या.

मी आणून द्यायची.